पित्ताशय काढल्यानंतर व्यायामाकडे परतणे : केव्हा, किती आणि कोणत्या क्रमाने?

मूळ लेखन

दुर्बिणीद्वारे माझे पित्ताशय अलीकडेच काढण्यात आले. खडे जुनेच होते; दुखण्याचे झटके वारंवार येऊ लागल्यावर शस्त्रक्रिया ठरवून केली. ती विनाअडथळा पार पडली आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडण्यात आले. जखमा बाहेरून पूर्ण भरल्यासारख्या दिसतात आणि वेदनाशामक गोळ्याही बंद झाल्या आहेत.

प्रश्न पुढचा आहे. मी अनेक वर्षे नियमित धावतो आणि जिममध्ये वजने उचलतो. रुग्णालयाने दिलेल्या कागदावर व्यायामाविषयी एकच ओळ आहे : ‘सहा आठवडे जड वजन उचलू नये.’ जड म्हणजे किती, हे त्यात लिहिलेले नाही. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी ‘झेपेल तसे करा’ असे सांगितले. एका ओळखीच्या गृहस्थांना त्यांच्या डॉक्टरांनी दोनच आठवड्यांत सर्व काही करण्याची मुभा दिली होती, तर दुसऱ्या एकांना तीन महिने वाकण्याचीही बंदी होती. शस्त्रक्रिया तीच असताना सल्ल्यात एवढी तफावत का, आणि चालणे, धावणे, पोहणे, पोटाचे व्यायाम व वजने यांचा क्रम कसा लावावा, हे जाणकारांनी कारणांसह सांगावे अशी विनंती आहे. आठवड्यांचे नुसते आकडे अनेक ठिकाणी वाचले आहेत. त्यामागे पोटात नेमके काय घडत असते हे समजले, तर संयम राखणे सोपे जाईल.

प्रतिसाद १

मी शल्यचिकित्सा विभागात काम करतो, त्यामुळे हा प्रश्न मला रोजचाच आहे. उत्तराची सुरुवात पित्ताशयापासून न करता पोटाच्या भिंतीपासून केली पाहिजे, कारण व्यायामावरच्या बंधनांचा पित्ताशयाशी जवळजवळ काहीच संबंध नसतो. पित्त यकृतात तयार होते, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर; पित्ताशय ही केवळ ३० ते ५० मिलिलिटरची साठवणीची पिशवी असते. ती काढली की पित्त साठून राहण्याऐवजी थेट लहान आतड्यात झिरपत राहते. पचनात काही काळ त्याचे परिणाम जाणवू शकतात, पण स्नायूंची ताकद किंवा दम यांसाठी पित्ताशय असणे-नसणे सारखेच.

पोटाच्या भिंतीची गोष्ट वेगळी. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत बहुधा चार छिद्रे पाडली जातात. त्यांतली काही ५ मिलिमीटरची, तर एक-दोन १० ते १२ मिलिमीटरची असतात. पित्ताशय बऱ्याचदा बेंबीजवळच्या छिद्रातून बाहेर काढतात, आणि खडे मोठे असतील तर ते छिद्र थोडे वाढवावेही लागते. आपल्याला दिसते ती त्वचा आठवडा-दीड आठवड्यात जुळते. तिच्याखाली स्नायूंना बांधून ठेवणारे पांढरे, चिवट आवरण असते आणि पोटातला दाब खऱ्या अर्थाने तेच पेलते. त्याची भरपाई अतिशय सावकाश होते. जखमेच्या मजबुतीचे सर्वसाधारण गणित असे, की पहिल्या आठवड्याअखेर मूळच्या ताकदीच्या दहा टक्केही ताकद आलेली नसते, तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ती २० ते ३० टक्के होते आणि ८० टक्क्यांच्या जवळपास पोहोचायला तीन महिने लागतात. मधल्या काळात भार टाके उचलत असतात. तेव्हा ‘बाहेरून बरे दिसते’ आणि ‘दुखत नाही’ या दोन्ही गोष्टी खऱ्या असूनही आतल्या आवरणाविषयी त्या फारसे काही सांगत नाहीत.

ही काळजी घेतली नाही तर होऊ शकणारे नुकसान म्हणजे छिद्राच्या जागी होणारा हर्निया, म्हणजे कमकुवत आवरणातून पोटातला भाग बाहेर फुगणे. तो वरचेवर होत नाही, पण झाला तर बहुतेक वेळा बेंबीजवळच्या मोठ्या छिद्रातच होतो. लठ्ठपणा, मधुमेह, धूम्रपान, जुनाट खोकला, जखमेत झालेला जंतुसंसर्ग आणि शस्त्रक्रियेच्या वेळी वाढवलेले छिद्र यांमुळे त्याची शक्यता वाढते. सल्ल्यातली तफावत बव्हंशी इथून येते. सडपातळ, निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या रुग्णाला दोन आठवड्यांत मोकळे सोडणारे डॉक्टर आणि वरीलपैकी दोन-तीन गोष्टी असलेल्या रुग्णाला अधिक काळ थांबवणारे डॉक्टर, दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. आपल्या शस्त्रक्रियेत बेंबीजवळचे छिद्र वाढवले होते का आणि त्याच्या आतल्या आवरणाला टाके घातले होते का, हे दोन प्रश्न आपण डॉक्टरांना अवश्य विचारावेत. त्यांच्या उत्तरांवरून ‘झेपेल तसे’ या शब्दांना काही माप मिळेल.

प्रतिसाद २

पहिल्या दिवसांतल्या एका गोष्टीची भर घालतो, कारण तिची कल्पना नसल्यामुळे पुष्कळ जण घाबरतात आणि हालचालच बंद करतात. शस्त्रक्रियेनंतर अनेकांचा उजवा खांदा दुखतो. पोटात काम करायला जागा मिळावी म्हणून कार्बन डायऑक्साइड वायू भरून पोट फुगवलेले असते. त्या ताणामुळे आणि मागे उरलेल्या वायूमुळे छाती व पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा चिडतो. त्या पडद्याला संवेदना पुरवणारी मज्जातंतू मानेतून निघते आणि खांद्याच्या त्वचेकडे जाणाऱ्या तंतूंचे उगमही तिथेच असतात, म्हणून दुखणे पडद्याचे असूनही जाणवते खांद्यात. राहिलेला वायू रक्तात शोषला जाऊन श्वासावाटे बाहेर पडतो आणि बहुतेकांना दोन-तीन दिवसांत आराम मिळतो. या दुखण्यासाठी खांद्याचे व्यायाम करण्यात अर्थ नाही. थोडे थोडे चालत राहावे आणि दीर्घ श्वास घ्यावा, एवढे पुरते.

प्रतिसाद ३

मी फिजिओथेरपिस्ट आहे. क्रमाविषयी लिहितो, पण आधी एक सांगतो : कॅलेंडरवरचे आठवडे ही किमान मर्यादा असते, ती तारीख उजाडली म्हणून परवानगी आपोआप मिळत नाही. चौथा आठवडा लागला तरी तिसऱ्या आठवड्यातली हालचाल सहज होत नसेल, तर पुढे जाऊ नये.

चालणे शस्त्रक्रियेच्या दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीच सुरू व्हायला हवे. पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये, फुप्फुसांचे तळ नीट उघडावेत आणि आतडी लवकर कामाला लागावीत, ही त्यामागची कारणे आहेत. एकदम लांब चालण्यापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे चालणे पहिल्या आठवड्यात अधिक उपयोगी पडते. पलंगावरून सरळ उठून बसू नये. आधी गुडघे वाकवावेत, खांदे आणि कंबर एकदमच वळवून कुशीवर यावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि खालच्या हाताच्या कोपराने व वरच्या हाताच्या तळव्याने गादीवर रेटा देत शरीर उचलावे. उताणे असताना मान व खांदे उचलून उठणे म्हणजे प्रत्यक्षात एक पूर्ण सिट-अप असतो. जो माणूस ‘मी व्यायाम अजिबात सुरू केलेला नाही’ असे सांगतो, तो दिवसातून आठ-दहा सिट-अप नकळत करत असतो, आणि बेंबीजवळ ओढ लागते म्हणून तक्रारही करतो.

दुसऱ्या आठवड्यापासून चालण्याचा वेग आणि अंतर वाढवावे. बोलता यावे पण गाता येऊ नये, इतपत वेग या टप्प्यावर पुरेसा आहे. स्थिर सायकल चालते, मात्र पुढे झुकून बसायची नको. पोट दुमडले जाऊन जखमांवर दाब येतो. घोटे, गुडघे, खांदे यांच्या मोकळ्या हालचाली करता येतात. याच काळात पोटाच्या सर्वांत आतल्या आडव्या स्नायूला जागे करणारा एक सौम्य व्यायाम मी शिकवतो. उताणे पडून गुडघे वाकवावेत, बोटे कमरेच्या पुढच्या हाडाच्या किंचित आत ठेवावीत आणि श्वास सोडताना बेंबीखालचा भाग अगदी हलकेच आत घ्यावा. बोटांखाली जाणवणारा ताण एखाद्या कापडाला हलकी ओढ द्यावी इतकाच असला पाहिजे. पोट कडक होऊन वर फुगले तर जोर जास्त झाला. श्वास रोखायचा नाही. दिसायला हा व्यायाम क्षुल्लक आहे आणि वजने उचलणारे लोक त्याकडे हमखास दुर्लक्ष करतात, पण शस्त्रक्रियेनंतर दुखण्याच्या भीतीने हा स्नायू उशिरा आणि कमी काम करू लागलेला असतो. तो वेळेवर आवळला जात नसेल, तर नंतरच्या प्रत्येक व्यायामात बाहेरचे स्नायू आणि कंबर त्याचे काम अंगावर घेतात.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, चालताना कोणताही त्रास नसेल तर, हळू धावणे आणि चालणे आलटून पालटून सुरू करता येते. पोहायचे असेल तर खपल्या पूर्ण पडलेल्या असाव्यात आणि एकाही छिद्रातून ओल येत नसावी, ही अट दिवसांपेक्षा महत्त्वाची आहे. तशी स्थिती साधारण दोन-तीन आठवड्यांनी येते. पोहताना हात डोक्यावर लांब जातो तेव्हा पोटाची पुढची भिंत चांगलीच ताणली जाते, म्हणून सुरुवात संथ असावी. पालथे पडून धड मागे उचलण्याची भुजंगासनासारखी आसने आणि पोटाला झटके देणारी कपालभाती मी चार ते सहा आठवड्यांपर्यंत थांबवतो. प्लँक (हातांवर भार घेऊन शरीर सरळ, ताठ धरणे) आधी भिंतीला हात टेकून, मग टेबलाच्या उंचीवर आणि शेवटी जमिनीवर अशा पायऱ्यांनी घ्यावा. सिट-अप आणि पाय उचलण्याचे व्यायाम सर्वांत शेवटी. खरे म्हणजे ते कायमचे सोडले तरी काही बिघडत नाही, पण हे माझे वैयक्तिक मत समजावे.

वजनांबाबत पहिल्या दोन आठवड्यांत चार-पाच किलोंच्या वर न जाण्याचा सल्ला रूढ आहे. त्यानंतर बसून किंवा टेकून करायचे हातापायांचे व्यायाम हलक्या वजनाने सुरू करावेत. स्क्वॅट (वजन घेऊन बैठक) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणे) सहा आठवड्यांनंतर, तेही पूर्वीच्या वजनाच्या निम्म्यापासून. जोर लावताना श्वास सोडायचा हा नियम इथे काटेकोरपणे पाळावा, कारण श्वास कोंडून केलेल्या उचलीत पोटातला दाब अनेक पटींनी चढतो.

परिणाम कसा मोजायचा, हेही सांगितले पाहिजे. व्यायाम करतानाचे दुखणे फसवे असते. त्या वेळी अंग तापलेले असते आणि उत्साहही असतो. त्याच रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुशीवर वळताना, शिंकताना, बूट घालण्यासाठी वाकताना ओढ वाढली आहे का, ते पाहावे. वाढली असेल तर मागच्या पायरीवर दोन दिवस थांबावे. वेदनाशामक गोळी घेऊन व्यायामाला जाऊ नये, कारण मग ही एकुलती एक मोजपट्टीही हातची जाते.

प्रतिसाद ४

वरचे तिन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु सहा आठवड्यांच्या बंदीमागे जो आधार गृहीत धरला जातो, तो तितकासा भक्कम नाही, असे मला नम्रपणे मांडायचे आहे. २००५ साली निरोगी तरुणांच्या पोटातला दाब वेगवेगळ्या हालचालींत प्रत्यक्ष मोजण्यात आला होता. नुसते उभे राहिल्यावर तो सरासरी सुमारे २० मिलिमीटर पारा होता. सुमारे साडेचार किलो वजन उचलताना तो कमाल २५ च्या आसपास गेला. उभ्याने खोकताना मात्र तो सरासरी १०७ पर्यंत आणि जागेवर उड्या मारताना १७१ पर्यंत चढला. म्हणजे ज्या रुग्णाला पाच किलोंची पिशवी उचलू नको असे बजावले जाते, तोच रुग्ण दिवसातून अनेकदा खोकतो आणि शौचाला बसल्यावर कुंथतोही, तेव्हा पिशवीच्या कित्येक पट दाब त्याच टाक्यांवर येतो आणि तरीही बहुसंख्य रुग्णांचे टाके शाबूत राहतात. मग पिशवीची बंदी नेमकी कशासाठी?

या बंदीचे तोटेही आहेत. धास्तावलेला माणूस सहा आठवडे जवळजवळ निजून काढतो. दोन ते चार आठवड्यांच्या खंडातच दम लक्षणीय उतरतो आणि वयस्कर माणसाच्या पायांतली गेलेली ताकद परत मिळवणे फार जिकिरीचे असते. दुर्बिणीची शस्त्रक्रिया मुळात रुजली ती लवकर उठता-फिरता यावे म्हणून. १८८२ मध्ये बर्लिन येथे कार्ल लांगेनबुख यांनी पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया केली आणि १९८५ मध्ये जर्मनीतच एरिक म्यूह यांनी ती पहिल्यांदा दुर्बिणीद्वारे केली. मधली शंभर वर्षे पोट उघडूनच काम होत असे, आणि त्या काळातले विश्रांतीचे नियम आजच्या छोट्या छिद्रांना जसेच्या तसे लावले जात आहेत, अशी मला शंका आहे.

प्रतिसाद ५ (प्रतिसाद १ च्या लेखकाकडून)

आपला मुद्दा बऱ्याच अंशी मान्य आहे. चार-पाच किलोंच्या मर्यादेमागे ठोस पुरावा थोडा आणि परंपरा जास्त, हे शल्यचिकित्सकही आपापसांत बोलतात. मात्र त्या मापनांचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यायला हवा. हलके वजन उचलताना दाब फारसा वाढत नाही हे जितके खरे, तितकेच उड्या मारताना तो सर्वाधिक वाढतो हेही खरे. म्हणजे त्या आकड्यांवरून घरातली हलकी कामे लवकर सुरू करावीत असा निष्कर्ष निघत असला, तरी दोरीच्या उड्या आणि जिममधल्या झेपा लवकर सुरू कराव्यात असा तो निघत नाही. शिवाय कसलेले लोक श्वास कोंडून अवजड वजन उचलतात तेव्हा पोटातला दाब दीडशे-दोनशेच्याही पुढे जातो. खोकल्याचा दाब क्षणभर टिकतो आणि बहुतेक जण खोकताना आपसूक पोटावर हात दाबून धरतात. वजनाचा दाब काही सेकंद टिकतो आणि एकाच बैठकीत पुनःपुन्हा येतो.

म्हणून माझ्या रुग्णांना मी किलो सांगण्याऐवजी असे सांगतो : उचलताना श्वास कोंडावा लागला किंवा चेहरा आवळला गेला, तर ते वजन आपल्यासाठी आज जड आहे. मूळ प्रश्नातल्या ‘जड म्हणजे किती’ याला यापेक्षा नेमके उत्तर निदान मला तरी देता येत नाही. आणि कुंथण्याविषयी आपण लिहिलेत ते फार मोलाचे आहे. शस्त्रक्रियेनंतर काही तीव्र वेदनाशामकांमुळे बद्धकोष्ठता होते. पुरेसे पाणी, तंतुमय आहार आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेले सारक हे टाक्यांच्या दृष्टीने पिशवी न उचलण्यापेक्षा जास्त महत्त्वाचे आहे.

प्रतिसाद ६

या चर्चेत आतापर्यंत केवळ दुर्बिणीचा विचार झाला आहे. माझी शस्त्रक्रिया दुर्बिणीनेच सुरू झाली होती, परंतु जुन्या सुजेमुळे सर्व काही एकमेकांना चिकटलेले निघाले आणि सुरक्षिततेसाठी मधेच पोट उघडावे लागले. असे होऊ शकते याची पूर्वकल्पना संमतिपत्रावर सही घेताना दिलेली असते, पण ती आपल्याच वाट्याला येईल असे कुणालाच वाटत नाही.

उजव्या बरगडीच्या कडेखाली तिरका छेद असतो आणि त्यात पोटाचे स्नायू कापले जातात. त्यामुळे दीर्घ श्वास घेणे हाच पहिला व्यायाम ठरतो, आणि तो सोपा नसतो. दुखते म्हणून माणूस उथळ श्वास घेतो, मग कफ साचतो, मग खोकला येतो आणि खोकल्याने आणखी दुखते. मला तीन चेंडूंचे श्वासाचे यंत्र दिले होते. जागेपणी तासातासाला ते ओढायचे आणि खोकताना घडी केलेली उशी छेदावर घट्ट दाबून धरायची, ही सवय परिचारिकांनी लावली. चालणे माझ्याही बाबतीत लगेच सुरू झाले. पण धावणे आणि वजने यांचा विचार डॉक्टरांनी दोन महिन्यांनंतरच करू दिला आणि छेदाच्या खालची त्वचा त्यानंतरही बराच काळ बधिर होती. ज्यांचे पोट उघडलेले आहे त्यांनी वर दिलेला क्रम तसाच ठेवावा, पण प्रत्येक टप्प्याला जवळपास दुप्पट वेळ द्यावा. पोटाला बांधायच्या पट्ट्याचा मला चालताना आधार वाटला; मात्र दिवसभर तो बांधून ठेवू नये, असे मला सांगण्यात आले होते.

प्रतिसाद ७

धावणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीची तयारी ठेवावी, आणि तिच्याविषयी लोक संकोचापोटी बोलत नाहीत. पित्ताशय काढल्यानंतर काही जणांना पातळ शौचास होते आणि घाईही लागते. पित्तातली आम्ले लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बहुतांशी शोषली जाऊन यकृताकडे परत जातात. पित्त सतत झिरपू लागल्यावर त्यांतली काही मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतात, तिथे पाणी ओढून घेतात आणि आतड्याची हालचाल वाढवतात. धावण्याने आतडी आधीच ढवळलेली असतात, त्यात याची भर पडली की पहिल्या काही फेऱ्यांतच परत फिरण्याची वेळ येते.

बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत, क्वचित काही महिन्यांत कमी होतो. तोवर धावण्यापूर्वीच्या दोन-तीन तासांत स्निग्ध पदार्थ आणि कॉफी टाळावी, एकाच वेळी भरपूर खाण्याऐवजी थोडे थोडे खावे आणि सुरुवातीला लांबच्या मार्गाऐवजी घराजवळच्याच फेऱ्या घ्याव्यात. एवढ्याने भागत नसेल तर सोसत बसू नये. पित्ताम्लांना आतड्यात बांधून ठेवणारे कोलेस्टिरामिन नावाचे औषध असते आणि ते अनेकांना लागू पडते. मात्र ते इतर औषधांनाही बांधून त्यांचे शोषण कमी करते, म्हणून बाकीच्या गोळ्या त्याच्या किमान एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्याव्या लागतात. थायरॉइडच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

जाता जाता एक. शस्त्रक्रियेनंतर वाढलेले वजन झटपट उतरवण्याच्या नादी लागू नये. आठवड्याला दीड किलोहून वेगाने वजन घटवल्यास पित्ताशय असलेल्यांत खडे होण्याची शक्यता वाढते हे ज्ञात आहे. आपल्याकडे आता पिशवी नसली, तरी जखम भरून येण्याच्या काळात प्रथिने आणि उष्मांक कमी करणे कोणत्याच दृष्टीने शहाणपणाचे नाही.

धागालेखक

सर्वांच्या उत्तरांनी बरेच स्पष्ट झाले. मी डॉक्टरांना दूरध्वनी करून दोन्ही प्रश्न विचारले : खडा मोठा असल्याने बेंबीजवळचे छिद्र थोडे वाढवले होते आणि आतल्या आवरणाला टाके घातले आहेत. त्यामुळे वजने सहा आठवड्यांनंतरच सुरू करण्याचे ठरवले आहे. तोवर चालणे आणि प्रतिसाद ३ मधला श्वासाबरोबरचा व्यायाम चालू आहे. तो दिसतो तितका सोपा नाही, हे आता कळले. मी प्रत्येक वेळी पोट कडक करत होतो.

आणखी दोन शंका आहेत. बेंबीच्या वरच्या कडेला त्वचेखाली सुपारीएवढा कडक भाग हाताला लागतो, तो हर्निया तर नव्हे? आणि जिने भरभर चढल्यावर उजव्या बरगडीखाली मधूनच टोचल्यासारखे होते. पित्ताशयच नाही, तर तिथे दुखते काय?

प्रतिसाद ८ (प्रतिसाद १ च्या लेखकाकडून)

कडक भाग बहुधा भरून येणाऱ्या जखमेचा असावा. आतल्या टाक्यांभोवती नवे तंतू दाटीने तयार होतात, तो भाग काही आठवडे टणक लागतो आणि दोन-तीन महिन्यांत मऊ पडत जातो. हर्नियाचा फुगवटा वेगळा असतो. उभे राहून खोकल्यावर तो बोटांवर आदळतो किंवा वाढतो, उताणे पडल्यावर नाहीसा होतो, आणि सहसा मऊ असतो. आरशासमोर उभे राहून एकदा आणि झोपून एकदा पाहावे. शंका उरली तर डॉक्टरांच्या बोटांना ती मिनिटभरात फेडता येते, आवश्यक वाटल्यास सोनोग्राफीही करता येते. फुगवटा आत जाईनासा झाला, दुखू लागला आणि त्याबरोबर उलट्या सुरू झाल्या, तर मात्र तातडीने रुग्णालय गाठावे.

बरगडीखालच्या टोचण्याची कारणे अनेक असू शकतात. तिथेही एक-दोन छिद्रे होती, आणि जोरात श्वास घेताना बरगड्यांमधले व पोटाचे स्नायू त्या जागी ओढले जातात. श्रमाबरोबर येणारे, थांबल्यावर काही मिनिटांत जाणारे आणि आठवड्यागणिक कमी होणारे टोचणे सहसा याच प्रकारचे असते. ज्याचा श्रमाशी संबंध नाही, जे खाल्ल्यानंतर किंवा रात्री येते, अर्ध्या तासाहून अधिक टिकते आणि पूर्वीच्या झटक्यांची आठवण करून देते, त्याची मात्र तपासणी करून घ्यावी. पित्ताशयातला एखादा खडा शस्त्रक्रियेपूर्वीच मुख्य पित्तनलिकेत उतरून बसलेला असू शकतो आणि तो कधी काही आठवड्यांनी, तर कधी काही वर्षांनीही त्रास देतो. डोळे किंवा त्वचा पिवळी होणे, लघवी गडद आणि शौच मातकट पांढरे होणे, ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, थंडी वाजणे, पोटदुखी कमी होण्याऐवजी रोज वाढत जाणे, जखमेतून पू येणे, एका पोटरीला सूज येऊन ती दुखणे किंवा एकाएकी धाप लागणे यांपैकी काहीही झाले, तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. छातीत दुखून धाप लागली तर दिवसाचीही वाट पाहू नये. आणि जिने चढताना येणारे दुखणे छातीकडे, डाव्या हातात किंवा जबड्यात पसरत असेल, तर ते जखमेचे आहे असे गृहीत न धरता हृदयाची तपासणी आधी करून घ्यावी. विशेषतः चाळिशी ओलांडलेल्यांनी.

प्रतिसाद ९ (प्रतिसाद ३ च्या लेखकाकडून)

पोट कडक होत असेल तर व्यायाम उताणे पडून करण्याऐवजी कुशीवर पडून करून पाहावा. त्या स्थितीत पोट सैल सुटते आणि आत घेतानाचा बारीक फरक लवकर कळतो. दहा वेळा जमले की तोच व्यायाम बसून, मग उभ्याने, आणि त्यानंतर चालताना करावा. सहा आठवड्यांनी वजने अडकवायच्या दांडीला हात लावाल तेव्हा पहिली बैठक रिकाम्या दांडीनेच घ्यावी, आणि पुढची बैठक दोन दिवसांनंतर ठेवावी, म्हणजे बेंबीजवळची ओढ वाढली की नाही हे पाहायला मधला दिवस मिळतो. ताकद तीन-चार आठवड्यांच्या खंडातही बऱ्यापैकी टिकून असते, त्यामुळे पाय आणि पाठ पूर्वीचे वजन मागतील. त्यांचे ऐकायचे नाही. त्या दिवशी वजन बेंबीजवळच्या छिद्राने ठरवायचे.